जॅझ, ग्राइम आणि गल्ली रॅप: लंडनच्या फुकट संगीतवर्गांसारखं काही आपल्याकडे उभं राहील का?

पेकहॅमकर

सप्टेंबर २०२३ मध्ये 'एझ्रा कलेक्टिव्ह' या लंडनच्या पाच जणांच्या बँडला मर्क्युरी पारितोषिक (ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं) मिळालं. १९९२ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकावर जॅझवाल्यांनी नाव कोरण्याची ही पहिलीच वेळ. बँडचा ड्रमर फेमी कोलेओसोने मंचावरून मोठं श्रेय दिलं ते तरुण मुलांना संगीत शिकवणाऱ्या संस्थांना. हा बँड जमला होता 'टुमॉरोज वॉरियर्स' नावाच्या अशाच एका ठिकाणी. तिथे फी घेत नाहीत.

हा धागा त्या संस्थेबद्दल आणि तिच्यासारख्या इतरांबद्दल आहे. मी दक्षिण लंडनमध्ये राहतो, माझी मुलगी इथल्या एका कार्निव्हल बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, आणि गेली काही वर्षं मी हे सगळं जवळून पाहतोय. माझं मत पक्कं होत चाललंय: लंडनच्या आजच्या जॅझमध्ये ग्राइम (लंडनचं वेगवान रॅप), हिपहॉप, अफ्रोबीट (नायजेरियाचं तालप्रधान संगीत), डब (जमैकाच्या रेगेचं खर्जदार रूप) असं जे सगळं मिसळलेलं ऐकू येतं, ते 'फ्यूजन' शिकवून झालेलं नाही. ते खोलीमुळे झालं. एक खोली, तिथे दर आठवड्याला तीच मुलं, शिकवायला कसलेली माणसं, आणि मुलांनी घरून आणलेलं संगीत दाराबाहेर ठेवायला कुणी सांगत नाही.

थोडा इतिहास. १९८० च्या दशकात कोर्टनी पाइन आणि त्याच्या पिढीच्या कृष्णवर्णीय ब्रिटिश वादकांनी 'जॅझ वॉरियर्स' नावाचा मोठा वाद्यवृंद काढला. त्यात डबल बास वाजवणारे गॅरी क्रॉसबी. जमैकाचे प्रसिद्ध गिटारवादक अर्नेस्ट रँगलिन त्यांचे मामा-काकांपैकी. क्रॉसबी आणि जनीन आयर्न्स यांनी १९९१ मध्ये टुमॉरोज वॉरियर्स सुरू केलं. सुरुवात कॅमडनच्या जॅझ कॅफेतल्या जॅम सेशन्समधून झाली, पुढे साउथबँक सेंटरमध्ये शनिवार-रविवारचे वर्ग सुरू झाले. भर आफ्रिकन-कॅरिबियन कुटुंबांतल्या मुलांवर, मुलींवर, आणि ज्यांना खासगी शिकवणी परवडत नाही त्यांच्यावर. सॅक्सोफोनवाली न्युबाया गार्सिया, ड्रमर मोझेस बॉइड, शबाका हचिंग्ज, गायिका झारा मॅकफार्लेन ही सगळी तिथून गेलेली. क्रॉसबींना २०१८ चं राणीचं संगीतपदक मिळालं. एखाद्या जॅझवादकाला ते मिळण्याची ही पहिली वेळ.

आता ग्राइमचं. ही मुलं २००० नंतरच्या लंडनमध्ये वाढली. पूर्व लंडनच्या सरकारी वसाहतींच्या गच्च्यांवर बेकायदा रेडिओ चालायचे आणि त्यावर मिनिटाला साधारण १४० ठोक्यांच्या लयीत पोरं रॅप करायची, ते ग्राइम. मुलगा शनिवारी जॅझचे स्वरमेळ (कॉर्ड) घोटायचा आणि बसमध्ये फोनवर ग्राइम ऐकत घरी जायचा. मोझेस बॉइडचा २०२० चा 'डार्क मॅटर' हा अल्बम ऐका. हात जॅझ ड्रमरचा आहे, पण पायाखालची लय त्याच वसाहतींमधली. 'सन्स ऑफ केमेट' या बँडमध्ये थिऑन क्रॉस ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्यावर जो खर्ज लावायचा, तो साउंड सिस्टिमच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून यावा तसा छातीत बसायचा. थिऑन घडला 'किनेटिका ब्लोको'मध्ये. २००० साली सुरू झालेला हा तरुणांचा कार्निव्हल बँड आहे: ब्रास (पितळी फुंकवाद्यं), ढोल, स्टीलपॅन (कॅरिबियन पोलादी तालवाद्य) आणि नाच, सगळं एकत्र.

आपल्याकडे असं काही चालू असेल तर सांगा. नसेल तर काय करता येईल यावर बोलू.

काळी_चार

माहितीपूर्ण धागा. मी सांगलीत हार्मोनियम आणि गायन शिकवते, त्यामुळे एक शंका मनापासून विचारते. पंधरा वर्षांच्या मुलाला अजून सूर लावता येत नाही आणि त्याला चार शैली मिसळायला द्यायच्या, याने पाया कच्चा राहत नाही का? माझ्याकडे येणारी मुलं दोन महिन्यांत विचारतात, "मॅडम, फ्यूजन कधी?" मी त्यांना अलंकार पलटायला लावते. यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

पेकहॅमकर

काळी_चार ताई, अजिबात चुकत नाही. तिथेही पाया घोटून घेतात, आणि तो जॅझचाच. फरक क्रमाचा आहे. आधी कान, मग कागद. एखादी सुरावट आधी गाऊन दाखवायची, मग वाद्यावर शोधायची, मग बारा सुरांत कुठूनही वाजवायची. त्यात बराच वेळ जातो आणि मुलं कंटाळतातही. पण त्याच दिवशी तासभर एकत्र वाजवणं असतंच. नवशिका चार सूर घेऊन उभा राहतो, शेजारी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी मुलगी असते, ती त्याला सांभाळून घेते. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचं, हा तर टुमॉरोज वॉरियर्सचा कणाच आहे. आज नाव झालेले वादक परत येऊन शिकवतात.

'मिसळा' असं कुणी सांगत नाही. मुलगा स्वतःच विचारतो, "या स्वरमेळावर मी माझं ऐकलेलं वाजवू का?" आणि गुरुजी म्हणतात, वाजव.

कळव्याचा_पोरगा

मी रॅप करतो. मराठी-हिंदी दोन्ही. आमच्याकडे संध्याकाळी स्टेशनबाहेर सायफर होतो. गोल करून उभं राहायचं, एक जण बीटबॉक्स (तोंडाने ताल), बाकीचे पाळीपाळीने रॅप. तुम्ही सांगितलेली खोली म्हणजे आमच्यासाठी ते गोल.

पण खरं सांगू, आमचं घोडं बीटवर अडतं. यूट्यूबवरून 'टाइप बीट', म्हणजे एखाद्या नावाजलेल्या रॅपरच्या धाटणीची तयार बीट, उतरवायची आणि त्यावर लिहायचं. तीच बीट शंभर पोरांनी घेतलेली असते. समोर कुणीतरी खराखुरा बास वाजवतंय आणि मी थांबलो की तोही थांबतोय, मी वाढवलं की तोही चढतोय, असं मी आयुष्यात एकदाच अनुभवलंय, एका कॉलेजच्या फेस्टमध्ये. त्या दिवशी मी लिहून नेलेलं अर्ध्यात सोडून दिलं, कारण बासवाल्याने जे केलं त्याला उत्तर द्यायचं होतं.

धारावीत 'धारावी ड्रीम प्रोजेक्ट'ची हिपहॉपची शाळा आहे, २०१५ पासून. रॅप, बीटबॉक्स, ब्रेकिंग फुकट शिकवतात. माझे दोन मित्र तिकडून शिकले. पण वाद्यं शिकायची असतील तर काय? कीबोर्डच्या क्लासची फी ऐकूनच परत आलो.

मांडवी_तीर

पेकहॅमकर, तुमचं वाचून मला आमच्या गोव्याच्या पारोकियाल शाळा आठवल्या. त्यांना आज कुणी 'कम्युनिटी प्रोजेक्ट' म्हणणार नाही, पण होतं ते तेच. पोर्तुगीज काळात प्रत्येक चर्चच्या आवारात शाळा, तिथे एक मेश्त्री, म्हणजे संगीत शिकवणारा मास्तर. मुलांना सोल्फा म्हणजे स्वरलेखन वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, आणि रविवारच्या मिस्साला वाजवायला उभं करायचे. शेतकऱ्याचा मुलगा, पदेराचा (पाववाल्याचा) मुलगा, सगळे कागदावरचं संगीत वाचायचे. हेतू धार्मिक होता, हे खरं. पण त्यातून तयार झालेले हात पुढे कुठे कुठे गेले बघा.

१९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून लिऑन ॲबे आणि मग टेडी वेदरफर्ड यांचे कृष्णवर्णीय बँड आले. त्यांच्याकडून जॅझ उचलला तो या गोंयकारांनी, कारण त्यांना वाचता येत होतं आणि कान तयार होता. अंतोनियो शाव्हियेर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणायचे त्याला. रात्री हॉटेलात ट्रम्पेट आणि दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्याचं काम होतं. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी स्टुडिओत जे केलं, ते त्या काळच्या शहरी संगीतात जॅझ मिसळणंच होतं. फक्त त्याला तेव्हा नाव नव्हतं आणि पडद्यावर त्यांचंही नाव क्वचितच यायचं.

आणि मुंबईत ते राहायचे कुठे? धोबीतलावच्या कुडींमध्ये. कुड म्हणजे गावाने चालवलेलं वसतिगृह: एकेका गावाची खोली, नाममात्र पैसे, भिंतीला ट्रंका लावलेल्या. जहाजावर जाणारे खलाशी, खानसामे, वादक, सगळे तिथेच उतरायचे. नव्या पोराला काम कुठे आहे ते कुडीतच कळायचं. जेर महालमध्ये अशा कुडी अजून आहेत. म्हणजे शिकवणारी शाळा, राहायला खोली आणि कामाची साखळी, या तिन्ही गोष्टी गावाने स्वतःच्या पैशांतून उभ्या केल्या होत्या. तुमच्या लंडनच्या आधी.

वाईट एवढंच वाटतं की पुढे मंच कमी होत गेले. १९७८ मध्ये सुरू झालेला 'जॅझ यात्रा' हा महोत्सव धोबीतलावच्याच रंगभवनात भरायची. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि ते खुलं सभागृह बंद पडलं. हॉस्पिटलातल्या रुग्णांना त्रास होऊ नये हे मला पटतं, पण त्या बदल्यात शहराने दुसरी जागा द्यायला हवी होती.

रेवती_क

मांडवी_तीर, सुरेख प्रतिसाद. कुडींबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

पथकातली_ताशेवाली

पुण्यातून. मी गेली बरीच वर्षं ढोल-ताशा पथकात आहे. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं, अरे, खोली नसली तरी आपल्याकडे नदीकाठ आहे! गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी सराव. कॉलेजची मुलं, बँकेतले, रिक्षावाल्याची मुलगी, डॉक्टर, सगळे एका रांगेत. नव्याला हात शिकवायचा तो जुन्याने. चुकला तर शेजारचा नुसत्या मानेने सांगतो. कागद नाहीच, सगळं कानाने. किनेटिका ब्लोकोचे व्हिडिओ बघितले, आमच्यात आणि त्यांच्यात फरक ब्रासचा आणि स्टीलपॅनचा.

एक मोठा फरक मात्र आहे आणि तो मला बोचतो. त्यांचं वाजवणं वर्षभर पुढे सरकत राहतं. आमचं अनंत चतुर्दशीला थांबतं. ढोलाची पानं उतरवली की ती शेकडो मुलं पांगतात. त्यातल्या दहा जणांना तरी पुढे शिकायचं असतं. ताशावर ज्यांचे हात इतके चालतात, त्यांना ड्रमसेट आठवड्यात कळेल. पण तो बघायला मिळायला हवा ना.

तिहाई

तबलावाला. वरच्या दोन प्रतिसादांना जोडून एक खरं उदाहरण. सारथी कोरवार पुण्यात तबला शिकला आणि नंतर लंडनला गेला. २०१९ च्या त्याच्या 'मोर अरायव्हिंग' या अल्बममध्ये मुंबई-दिल्लीचे रॅपर आणि लंडनचे जॅझवादक एकत्र आहेत. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅपगटाचा एमसी मवाली आहे त्यात. कळव्याच्या पोरा, तू ऐकलं असशीलच. ज्यांना वाटतं की जॅझ आणि मराठी पोरांचं रॅप एकत्र बसणार नाही, त्यांनी ते एकदा मोठ्या आवाजात ऐकावं.

आता हिशेब सांगतो. रॅपवाले '१६ बार' म्हणतात. एका बारमध्ये ४ ठोके, म्हणजे ६४ ठोके. एक ठोका एक मात्रा धरली तर १६ मात्रांच्या तीनतालाची बरोबर चार आवर्तनं. जॅझमधला बारा बारचा ब्लूज ४८ ठोक्यांचा, म्हणजे तीन आवर्तनं. जमिनी वेगळ्या नाहीतच. वेगळा आहे तो जोर. आपण समेवर, पहिल्या मात्रेवर टाळी देतो. हिपहॉप आणि जॅझची टाळी दोन आणि चारवर पडते. आमच्या पोरांना जॅझवर टाळी द्यायला सांगा, सगळे एकवर देतील आणि गाणं लगेच जड होईल. आणि 'स्विंग' म्हणजे दुगुन (एका मात्रेत दोन ठोके), पण असमान. तिगुनीसारखे मात्रेचे तीन तुकडे करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला गिळा. हे समजायला तबलावाल्याला एक संध्याकाळ पुरते. अंगात मुरायला मात्र वर्षं जातात, त्याला इलाज नाही.

कळव्याचा_पोरगा

दादा, हे आजवर कुणीच असं सांगितलं नव्हतं. १६ बार म्हणजे चार आवर्तनं!! आज सायफरला पोरांना सांगतो. एमसी मवाली म्हणजे आपला माणूस. त्याला लंडनच्या ड्रमवर ऐकून मला पहिल्यांदा वाटलं होतं की आपली भाषा कुठेही चालते.

सदाशिव_न

सगळं छान आहे, पण पैसे कोण देतं? तिकडे सरकार देतं. इथे महापालिकेच्या शाळेत संगीतशिक्षकाची जागा भरत नाहीत. हौशी माणसं दोन वर्षं करतात आणि दमतात.

पेकहॅमकर

सदाशिवराव, रास्त प्रश्न. टुमॉरोज वॉरियर्सला आर्ट्स कौन्सिल इंग्लंडचं नियमित अनुदान आहे. त्यात सरकारी पैसा आणि लॉटरीचा पैसा, दोन्ही येतात. पण तेवढ्याने भागत नाही. लोकांकडून वर्गणी, ट्रस्ट, मोठ्या झालेल्या वादकांचे मदतीचे कार्यक्रम, सगळं सतत चालू असतं. आणि इथलं चित्र गुलाबी समजू नका. २०१० नंतर इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाचा तरुणांसाठीच्या सेवांवरचा खर्च, महागाई धरली तर, दोन-तृतीयांशाहून जास्त घटला. शेकडो युवक केंद्रांना कुलपं लागली. फेमी कोलेओसो मंचावरून युवक संस्थांचं नाव पुन्हा पुन्हा घेतो, ते यामुळेच. ज्या दारातून तो आत आला ती दारं बंद होताना तो बघतोय.

दुसरं म्हणजे, प्रेक्षकही यातूनच तयार झाला. २००३ पासून 'जॅझ रिफ्रेश्ड'वाले पोर्टोबेलो रोडच्या एका बारमध्ये दर आठवड्याला स्वस्तात कार्यक्रम लावायचे. दक्षिण लंडनच्या डेप्टफर्डला 'स्टीम डाउन' या वादकगटाचा साप्ताहिक जमाव भरायचा: खुर्च्या नाहीत, लोक उभे, नाचतायत, एखादा माईक मागून रॅप करतोय. नोव्हेंबर २०२४ मध्ये एझ्रा कलेक्टिव्हने वेम्ब्ली अरीना भरवली, तो प्रेक्षक असाच एकेका बारमध्ये गोळा झालेला.

बार्शीकर

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आमच्या गावात लग्नाचे बँड आहेत. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम, सगळं. पिढ्यान् पिढ्या वाजवणारी घरं आहेत. वरात संपली की त्यांना जेवायला वेगळं बसवलेलं मी लहानपणी पाहिलंय. त्यांच्या कलेला आपण कधी संगीत म्हटलंच नाही, 'बँडवाले' म्हटलं. त्यामागे जात आहे, हे सरळ बोलायला हवं.

लंडनच्या या धाग्यात ट्यूबा आणि ट्रॉम्बोनचं कौतुक वाचलं आणि वाटलं, ही वाद्यं आपल्याकडे तालुक्यातालुक्यात आहेत. ती फुंकणारी माणसं आहेत. एखादं फिल्मी गाणं दोनदा ऐकून बारा जणांत वाटून वाजवतात, तेही चालता चालता. डीजेमुळे त्यांच्या सुपाऱ्या कमी झाल्यात. आपल्याकडे असं केंद्र काढायचं तर पहिला गुरू त्या घरातून यावा आणि त्याला मानधन मिळावं. बाहेरून कुणी येऊन 'शिकवायला' लागण्याआधी.

मांडवी_तीर

बार्शीकर, शंभर टक्के. गोव्यातही वाजंत्र्यांना हेच भोगावं लागलं.

पेकहॅमकर

बार्शीकर, माझ्या मूळ पोस्टमध्ये जे यायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत. टुमॉरोज वॉरियर्स उभं राहिलं तेच या जाणिवेतून. जॅझ कृष्णवर्णीयांनी घडवला, पण ब्रिटनमध्ये तो महागडी शिकवणी परवडणाऱ्यांच्या हातात जात होता. क्रॉसबी आणि आयर्न्स यांनी तो ज्यांचा आहे त्यांच्या मुलांपर्यंत परत नेला.

पथकातली_ताशेवाली

मुलींचं काय? तिथेही सगळा पोरांचाच कारभार की काय? आमच्या पथकात मुली भरपूर आहेत, पण सायफरला किंवा बँडच्या तालमीला रात्री नऊनंतर घरून सोडत नाहीत.

पेकहॅमकर

ताई, त्यांनी मुलींसाठी वेगळा गट केला. 'फीमेल फ्रंटलाइन' असं नाव. नुसतं 'सर्वांना प्रवेश' म्हटलं की मुली मागच्या रांगेत राहतात आणि मुलगे सोलो घेतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या वर्तुळातून 'नेरिजा' हा बँड निघाला. न्युबाया गार्सिया, ट्रम्पेटवाली शीला मॉरिस-ग्रे, सॅक्सोफोनवाली कॅसी किनोशी त्यात होत्या, आणि आज तिघींचं स्वतःचं नाव आहे. वर्ग दिवसा असतात, शनिवार-रविवारी. वेळ हीसुद्धा धोरणाची गोष्ट आहे. माझी मुलगी तालमीला जाते कारण ती दुपारी असते.

काळी_चार

दोन दिवस धागा वाचतेय आणि विचार करतेय. माझी शंका पूर्ण गेलेली नाही. ज्याला एक गोष्ट खोल येते त्यालाच दुसरीशी बोलता येतं, हे माझं मत कायम आहे. न्युबाया गार्सियाचं वादन ऐकलं, तिची एक गोष्ट खोल आहे हे लगेच कळतं.

पण कळव्याच्या मुलाने बासवाल्याला उत्तर देण्याबद्दल जे लिहिलं, ते माझ्या विद्यार्थ्यांना मी अजून दिलेलं नाही. एकट्याने शिकायचं, एकट्याने परीक्षा द्यायची. म्हणून काल एक प्रयोग केला. जॅझमध्ये सारखी येणारी तीन स्वरमेळांची चाल आहे. सफेद एकला सा धरला तर सगळे शुद्ध स्वर: आधी रे-म-ध-सां, मग प-नि-रे-म, मग सा-ग-प-नि. प्रत्येकी चार मात्रा, शेवटचा आठ. सोळा मात्रा झाल्या, तीनतालात बसल्या. एका मुलाला हे हार्मोनियमवर धरायला सांगितलं, दुसऱ्याला तबला, आणि बाकीच्यांना त्यावर यमन सोडून बिलावलच्या अंगाने आलाप. पहिली दहा मिनिटं गोंधळ. मग एका मुलीने 'नि'वर थांबून शेवटचा स्वरमेळ येण्याची वाट पाहिली आणि तो आल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिहाई

ताई, क्या बात! टाळी दोन आणि चारवर घेऊन बघा आता.

कळव्याचा_पोरगा

मॅडम, याचं रेकॉर्डिंग मिळेल का? त्यावर लिहितो. खरंच.

काळी_चार

देते बाळा. तबला न घेता नुसती हार्मोनियम रेकॉर्ड करते, मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत, चार आवर्तनं सरळ आणि चार थोडी खुली सोडून. खुल्या भागात तू थांब, तिथे इकडची मुलगी गाईल. मग तू तिला उत्तर दे. लिहून आणलेलं असलं तरी.

सदाशिव_न

आमच्या ठाण्याच्या सोसायटीचं सभागृह रविवारी दुपारी रिकामं असतं. दोन ते पाच. समितीशी मी बोलतो, भाडं लागणार नाही असं बघतो. ड्रम आणू नका, शेजारी ज्येष्ठ नागरिक आहेत. ताशेवाली ताई, सरावाचे पॅड चालतील. बार्शीकर, तुमच्याकडचे कुणी क्लॅरिनेटवाले मुंबईकडे सुपारीला येत असतील तर मला कळवा. मानधन आणि गाडीभाडं सुरुवातीला मी देईन, पुढे वर्गणीचं बघू.

बार्शीकर

तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू होतात. एक क्लॅरिनेटवाले काका कल्याणला येतात, त्यांना विचारून सांगतो.